घाईने आलेले बाळ

एखादा मुलगा सारखा घाई करू लागला, की घरातले वडील माणूस हमखास विचारते, “सातव्या महिन्यात जन्मलास की काय रे?” ही झाली थट्टा. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वाचविणाऱ्या औषधाचा त्याच्या पुढील वागणुकीवर परिणाम होतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञ गंभीरपणे विचारीत आले आहेत.

अशा बाळाची पहिली अडचण श्वासाची. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवा आणि सरळ उचलून सोडवून पाहा. पाण्याच्या पृष्ठताणामुळे त्या सुटता सुटत नाहीत. फुप्फुसांतील वायुकोशही आतून ओलेच असतात. श्वास सोडला की ते मिटू पाहतात. ते मिटू नयेत म्हणून त्यांतील काही पेशी पृष्ठताण कमी करणारा, साबणासारखे काम करणारा एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. तो पुरेसा साठायला गर्भाचे सुमारे ३४ आठवडे भरावे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास म्हणजे नवा फुगा फुगविण्याइतके कष्ट! अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा १९६३ साली याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला.

यावरचा उपाय सापडला तो भलतेच शोधताना. प्रसूतीची वेळ कशाने ठरते, याचा अभ्यास न्यूझीलंडमधील ऑकलंडचे डॉ. ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर करीत होते. गर्भातील कोकरांना स्टेरॉइड दिले, की ती वेळेआधी जन्मत. इतकी कच्ची कोकरे जगायची नाहीत. पण एक कोकरू चक्क श्वास घेत होते! स्टेरॉइडने त्याची फुप्फुसे लवकर तयार केली होती. पुढे लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर हा उपाय पारखला. कोणत्या मातेला बीटामेथासोनची दोन इंजेक्शने द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. १९७२ साली निष्कर्ष आले. अकाली कळा सुरू झालेल्या मातांच्या बाळांत श्वासाचा विकार शेकडा सुमारे २६ वरून ९ वर आला होता.

पण स्टेरॉइड फक्त फुप्फुसांतच जाते थोडेच? मातेच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग वारेतील एक विकर निकामी करते. बीटामेथासोन मात्र त्याला दाद देत नाही. ते गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणून ऑकलंडची ती बाळे तिशीची झाल्यावर त्यांतील १९२ जणांना पुन्हा तपासले. बुद्धी, स्मरण, अवधान, मानसिक आरोग्य, कशातही दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

जन्मानंतरची कथा मात्र वेगळी. कृत्रिम श्वासयंत्रावरून बाळ लवकर सुटावे म्हणून त्यालाच डेक्सामेथासोन, तेही कित्येक आठवडे, देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तैवानमधील अशा एका प्रयोगातील १४६ मुलांना शाळेच्या वयात तपासले, तेव्हा औषध मिळालेली मुले उंचीने कमी, हालचालींत अडखळणारी निघाली. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७८, इतरांचा ८४. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. औषधाची जात तीच, पण वेळ आणि मात्रा बदलली होती. तोपर्यंत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ सालीच हा सरसकट वापर नको असे सांगितले होते.

मग प्रसूतीपूर्वीची दोन इंजेक्शने निर्धास्त म्हणायची? २०२० साली फिनलंडमधून ६,७०,०९७ मुलांच्या नोंदी पुढे आल्या. तेथे स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी शेकडा ४५ मुले प्रत्यक्षात पूर्ण दिवसांचीच जन्मली होती. कळा थांबल्या, पण इंजेक्शन देऊन झाले होते. या पूर्ण दिवसांच्या मुलांत मानसिक व वर्तनविषयक विकार शेकडा ८.९, तर औषध न मिळालेल्यांत ६.३. सख्ख्या भावंडांची तुलना केली तरी फरक उरलाच. अर्थात येथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्या कारणाने कळा आल्या, तेच कारण मुलाला भोवले असेल, ही शंका फिटत नाही. मला स्वतःला ती बरीच वजनदार वाटते.

फार लवकर येणाऱ्या बाळाच्या बाबतीत डॉक्टर आजही कचरत नाहीत. तेथे प्रश्न जीवाचा असतो. पेच पडतो तो कळा खऱ्या की फसव्या हे ओळखताना. प्रसूती सात दिवसांच्या आत होण्याचा संभव असेल तरच इंजेक्शन द्यावे, असा संकेत आहे. आणि ते सात दिवस आधी मोजता येतील अशी खात्रीची चाचणी अजून कोणाच्या हाती लागलेली नाही.