यंत्र कोठे बनले आणि ते दुरुस्त कोण करणार?

शेतीच्या कामांत लहान यंत्रांचा वापर आता सर्वत्र रूढ झाला आहे. गवत कापण्याचे ब्रश कटर, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, कोळपणीचे पॉवर वीडर, कडबा कुट्टीचे यंत्र, झाडे तोडण्याचा चेन सॉ, तसेच गोठ्याच्या व अवजारांच्या दुरुस्तीसाठी लागणारे विजेचे ड्रिल व ग्राइंडर ही साधने आज तालुक्याच्या बाजारपेठेत सहज मिळतात. अशी खरेदी करताना शेतकरी बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा : "हा माल कोठला?" प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर एका देशाचे नाव सांगून संपत नाही. त्या उत्तराचा अर्थ कसा लावावा आणि त्याबरोबर आणखी कोणते प्रश्न विचारावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव एका देशाचे, कारखाना दुसऱ्या देशात

एखादी कंपनी ज्या देशाची म्हणून प्रसिद्ध असते, त्याच देशात तिचा सर्व माल तयार होतो, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. माकिता ही कंपनी जपानमधील असून तिचे मुख्यालय आन्जो येथे आहे. तिचे कारखाने जपानप्रमाणेच चीन, रुमानिया, ब्राझील इत्यादी देशांतही आहेत. चेन सॉ व ब्रश कटर यांसाठी नावाजलेली स्टील ही कंपनी जर्मनीतील वाइब्लिंगेन येथील. तिचेही कारखाने अमेरिका, ब्राझील, चीन व स्वित्झर्लंड येथे आहेत. एकाच नावाची, एकाच रंगाची दोन यंत्रे दोन निरनिराळ्या देशांतून आलेली असणे यामुळे शक्य होते.

यावरून एका देशातील माल चांगला व दुसऱ्या देशातील वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. एकाच शहरातील दोन कारखाने दोन प्रतींचा माल काढतात. चीनमधील योंगकांग व चोंगछिंग या भागांत विजेवर चालणारी हत्यारे व लहान इंजिने फार मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्यांत नामांकित कंपन्यांसाठी कसोशीने तपासून काढलेला माल असतो, तसाच केवळ किमतीकडे पाहून काढलेला हलका मालही असतो. कारखाना कोणत्या देशात आहे यापेक्षा त्या मालाची तपासणी कोणी केली आणि त्याची जबाबदारी कोणी घेतली, हे अधिक महत्त्वाचे होय.

देशी कारखानदारीचा अनुभव

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नासते अशी भीती तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना वाटत होती, आणि देशी कारखान्याच्या मालावर विश्वास बसण्यासही वेळ लागला. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना नेला व किर्लोस्करवाडी वसली. नांगराची परीक्षा अखेर शेतातच झाली, आणि त्या परीक्षेत तो उतरला म्हणूनच तो घरोघर पोहोचला.

आज विहिरीवरील पंप व मोटारी यांसाठी तामिळनाडूतील कोइमतूर आणि गुजरातेतील राजकोट ही मोठी केंद्रे आहेत. पॉवर टिलरच्या बाबतीत परदेशी तंत्रज्ञान व देशी कारखाना यांची सांगड घातली गेली. बंगळूर येथील व्ही. एस. टी. ही कंपनी १९६७ साली जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली. केरळ सरकारचा काम्को हा उपक्रम १९७३ साली स्थापन झाला व त्याने कुबोता कंपनीच्या धर्तीचे टिलर तयार केले. मूळ आराखडा परदेशी असला तरी यंत्र येथे बनत असल्यामुळे त्याचे भागही येथेच मिळू लागले, हा त्यातील खरा लाभ होय.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलर व त्याचे भाग यांच्या आयातीवर निर्बंध घातले. परवाना मागणाऱ्या आयातदाराकडे विक्रीनंतरची सेवा, सुटे भाग व प्रशिक्षण यांची पुरेशी सोय असली पाहिजे, अशी अट त्या वेळी घालण्यात आली. सरकारने जो प्रश्न आयातदारास विचारला, तोच प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याने दुकानदारास विचारला पाहिजे.

हंगामात बंद पडलेले यंत्र

स्वस्त व महाग यांचा हिशेब केवळ खरेदीच्या दिवशी करू नये. समजा, एक ब्रश कटर १२,००० रुपयांस व दुसरा १७,००० रुपयांस मिळतो. पहिला घेतल्याने ५,००० रुपये वाचले. परंतु ऐन पावसाळ्यात त्याचा एखादा भाग मोडला, तो तालुक्यात किंवा जिल्ह्यात मिळाला नाही आणि यंत्र दहा दिवस पडून राहिले, तर काय होईल? तण वाट पाहत नाही. चार मजुरांस रोजी ३०० रुपयांप्रमाणे दहा दिवस लावले, तर १२,००० रुपये खर्च होतात. म्हणजे वाचलेले ५,००० वजा जाताही ७,००० रुपयांचे नुकसान झाले. मजूर न मिळाल्यास पिकाचे नुकसान होईल ते वेगळेच.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. होंडा कंपनीने १९८० च्या दशकात जीएक्स मालिकेतील लहान पेट्रोल इंजिने बाजारात आणली. त्यांच्या धर्तीवर चीनमधील अनेक कारखान्यांनी इंजिने काढली. अशा काही इंजिनांचे कार्ब्युरेटर, रिंगा, दोरीचा स्टार्टर इत्यादी भाग अनेक ठिकाणी मिळतात व गावच्या फिटरलाही ती खोलता येतात. उलट, एखादे नामांकित परदेशी यंत्र उत्तम असूनही त्याचा भाग दूरच्या शहरातून मागवावा लागतो. भाग कोठे मिळतो हे पाहिल्याशिवाय दोहोंपैकी कोणतेही घेऊ नये.

यंत्रावरील पाटी वाचावी

खोक्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षा यंत्रावरील लहान पाटी अधिक खरे बोलते. "जपानी तंत्रज्ञान" किंवा "जर्मन आराखडा" या शब्दांचा अर्थ यंत्र त्या देशात बनले, असा होत नाही. आयात केलेल्या बंद मालावर मूळ देशाचे नाव आणि आयातदाराचे नाव व पत्ता छापणे कायद्याने आवश्यक आहे. पत्ता नसेल, तर तक्रार कोणाकडे करावी हेच उरत नाही.

पंप व मोटारी यांसारख्या वस्तूंवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह पाहावे. पाणबुडी पंपसंचासाठी आयएस ८०३४ व मोनोब्लॉक पंपसंचासाठी आयएस ९०७९ ही मानके आहेत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. परवाना क्रमांक मात्र ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तपासता येतो, आणि त्यावरून तो माल कोणत्या कारखान्याचा हे कळते.

परदेशातून आणलेली विजेची हत्यारे

आपल्याकडील अनेक कुटुंबांतील मुलेमुली नोकरीनिमित्त परदेशी आहेत. सुटीवर येताना ती ड्रिल अथवा ग्राइंडर घेऊन येतात. हेतू चांगला असतो, परंतु विजेचा दाब पाहणे अत्यावश्यक आहे. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट व कंपने दर सेकंदास ५० असतात. अमेरिकेत दाब १२० व्होल्ट व कंपने ६० असतात, तर जपानमध्ये दाब १०० व्होल्ट असतो. १२० व्होल्टचे हत्यार आपल्याकडील विजेवर थेट लावल्यास ते जळते व माणसाच्या जिवासही धोका पोहोचतो. आखाती देशांतून आणलेले हत्यारही पाटीवर २२० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे की नाही, हे पाहूनच वापरावे. शिवाय अशा हत्यारावर कंपनीची हमी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते, हेही ध्यानात ठेवावे.

हातात धरावयाच्या विजेच्या हत्यारावर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असल्यास त्यास दुहेरी विद्युतरोधन आहे असे समजावे. असे चिन्ह नसलेल्या हत्यारास तीन पिनांचा प्लग व चांगले अर्थिंग हवेच.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. यंत्र कोणत्या कारखान्यात बनले, आणि आयात केलेले असल्यास आयातदार कोण व कोठला?

२. सर्वांत जवळचे दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे?

३. वारंवार झिजणारे भाग, म्हणजे स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर, पाती, क्लच, कार्बन ब्रश, दुकानात आज शिल्लक आहेत काय? ते प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावे.

४. हमी किती महिन्यांची, व ती लेखी आहे काय?

५. अनुदानावर घ्यावयाचे असल्यास यंत्राची मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी झाली आहे काय? मध्य प्रदेशातील बुदनी व हरियाणातील हिस्सार येथे केंद्र सरकारच्या अशा संस्था आहेत.

६. यंत्राचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल मिळेल काय? बिलाशिवाय ना हमी मागता येते, ना ग्राहक आयोगापुढे दाद. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

आपल्या गावांत कोणती यंत्रे आहेत, ती कोणत्या कारखान्याची आहेत व त्यांचे भाग कोठे मिळतात, याची एक वही प्रत्येक कार्यकर्त्याने ठेवावी. एखादे यंत्र वर्षातून कितीदा बंद पडले व दुरुस्तीस किती दिवस लागले, एवढी नोंद दोन हंगाम ठेवली, तरी कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयुक्त माहिती गावाजवळ तयार होईल. शक्य तेथे शेतकरी गटांनी एकाच प्रकारची यंत्रे घ्यावीत. दहा घरी एकाच जातीचे यंत्र असले, म्हणजे दुकानदार त्याचे भाग ठेवतो, गावचा फिटर त्यात तरबेज होतो आणि अडचणीच्या वेळी शेजाऱ्याकडील भागावर काम भागते.

यंत्राचा देश पाटीवर लिहिलेला असतो. तो जरूर वाचावा. परंतु आषाढात यंत्र बंद पडले असता त्याच दिवशी ते सुरू करून देणारा मनुष्य किती कोसांवर आहे, हे पाटीवर लिहिलेले नसते. ते शेतकऱ्याने स्वतः चौकशी करून जाणून घ्यावे, व नंतरच पैसे मोजावेत.