साठीनंतरची शर्यत आणि दुखण्याची गोळी

आमच्या गावात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. वय ६१, वजन ५८ किलो, विडी-तंबाखू कधी नाही. पंचावन्नाव्या वर्षापासून ते मास्टर्स स्पर्धांत आठशे मीटर धावतात. मास्टर्स म्हणजे पस्तिशी ओलांडलेल्यांच्या मैदानी स्पर्धा. दर पाच वर्षांचा एक गट असतो, म्हणजे साठीचा माणूस साठीच्याच माणसांशी धावतो. १९७५ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्याकडेही आता जिल्ह्याजिल्ह्यांतून ही मंडळी धावताना दिसतात. गुरुजींच्या परवानगीने त्यांच्या २०२४-२५ च्या हंगामाची हकीकत आज सांगतो. त्यात माझीही एक चूक आहे, ती लपवणार नाही.

जुलै २०२४ मध्ये नेहमीप्रमाणे ते सराव सुरू करण्यापूर्वी तपासणीला आले. रक्तदाब १३०/८४, हृदयाचा आलेख चांगला, साखर ठीक. साठीनंतर वेगाने धावू पाहणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी करून घ्यावे, मग अंगात कितीही दम असो. चालताना छातीत दडपण येत असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ट्रेडमिलची तपासणीही करावी. गुरुजींच्या बाबतीत तशी गरज नव्हती. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर कॉलेजच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर त्यांनी २ मिनिटे ५२ सेकंदांत आठशे मीटर काढले. घड्याळ माझ्या हातात होते.

गणपती उठले आणि दोन दिवसांनी ते लंगडत दवाखान्यात आले. "डॉक्टर, मागून कोणी पोटरीवर दगड मारला असं वाटलं. वळून पाहिलं तर कोणीच नाही!"

हे वर्णन ऐकले की निम्मे निदान झालेच. पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू अंशतः फाटतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक रुग्ण असेच सांगतो. चाळिशीनंतर हा प्रकार फार, कारण स्नायू आणि कंडरा यांची लवचीकता कमी झालेली असते. ओल्या मैदानावर जोराचा रेटा दिला की धागे तुटतात. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. पोटरीचे प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते. झटका लागलेला नसताना एकच पाय सुजला, गरम झाला आणि दुखू लागला, विशेषतः लांबचा प्रवास किंवा आजारपण झाल्यावर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे मालीश करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजींना मी बर्फाचा शेक, पाय उशीवर ठेवून विश्रांती आणि पाच दिवस डायक्लोफिनॅकच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन आठवड्यांनी भिंतीला हात टेकून टाचा उचलण्याचा व्यायाम, मग चालणे, मग हळू धावणे. वेळापत्रक त्यांनी वहीत उतरवून घेतले. शिक्षकाची वही ती, रेघा मारलेली, तारीखवार. चिठ्ठी मात्र त्यांच्याच खिशात राहिली.

दिवाळीनंतर ते ट्रॅकवर परतले. नोव्हेंबरअखेर जिल्हा स्पर्धेत २ मिनिटे ४८ सेकंद! पहिला फेरा ८१ सेकंदांत, दुसरा ८७. गटात पहिले आले. गावात पेढे वाटले गेले आणि राज्य स्पर्धेची तयारी सुरू झाली.

येथून घड्याळ उलटे फिरू लागले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात २ मिनिटे ५३. अखेरच्या रविवारी ३ मिनिटे १ सेकंद, त्यात पहिला फेरा ८३ चा आणि दुसरा तब्बल ९८ चा. पाय शिशाचे झाले, म्हणाले. घरचा जिना चढतानाही छाती धडधडते. मी रक्तदाब पाहिला, आलेख पुन्हा काढला. दोन्ही ठीक. तेव्हा मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, एकसष्ट झालं आता. शरीर सांगतंय ते ऐका."

गुरुजी जरा दुखावले. "फौजासिंग एकोणनव्वदाव्या वर्षी लंडनची मॅरेथॉन धावले, डॉक्टर. मी तर त्यांच्यापुढे पोरगा."

फौजासिंग सन २००० मध्ये त्या वयात ती शर्यत धावले, हे खरे आहे. पण माझ्या विधानातील खोट त्याहून साधी होती. तिशीनंतर, व्यायाम न करणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के कमी होते. सराव ठेवणाऱ्याची त्याहून सावकाश. म्हणजे वय वर्षाला सेकंद-दोन सेकंद नेते. पाच आठवड्यांत तेरा सेकंद नेत नाही. वय भुरटी चोरी करते, दरोडा घालत नाही. दरोडा पडला असेल तर चोर दुसरा कोणी आहे, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

सुचले ते संक्रांतीला. १४ जानेवारीला गुरुजी आणि वहिनी तिळगूळ द्यायला आले. तिळगूळ देण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि माझी नजर त्यांच्या तळव्यावर गेली. तळव्याच्या रेघासुद्धा पांढऱ्या होत्या. खिडकीपाशी नेऊन पापणी खाली ओढली; आतून फिकट. मी विचारले, शौचाला कशी होते? गुरुजी संकोचले. वहिनींसमोर कसे सांगावे! शेवटी म्हणाले, महिनाभर मधूनमधून काळी होते, डांबरासारखी. त्यांना वाटले, तिळाचे किंवा पालेभाजीचे असेल.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "त्या गोळीचं सांगा ना डॉक्टरांना. सकाळी चहासुद्धा नंतर, आधी गोळी."

पाच दिवसांची माझी चिठ्ठी घेऊन गुरुजी चार महिने मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणत होते. गोळी घेतली की पोटरी बोलत नाही, मग सराव चुकत नाही. प्रामाणिकपणा असा की प्रत्येक गोळीची खूण त्यांनी वहीच्या समासात केली होती. आम्ही दोघांनी बसून मोजल्या. १३४ निघाल्या. ती वही गेले सहा महिने माझ्या टेबलावर येऊन जात होती. मी फक्त सेकंदांचे रकाने वाचत होतो.

त्याच दुपारी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.८. पुरुषात ते किमान १३ असावे. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीतून पोट पाहिले, तेव्हा जठरात एक व्रण होता आणि त्यातून थोडेथोडे रक्त झिरपून गेल्याच्या खुणा होत्या. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारी जी द्रव्ये शरीर बनवते, तीच या गोळ्या कमी करतात. अशा गोळ्या वेदना कशा थांबवतात याचा उलगडा करणाऱ्या जॉन व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले. वेदना कमी करण्याचे आणि पोट उघडे पाडण्याचे मूळ एकच आहे, त्यामुळे 'पोटाला न लागणारी' म्हणून दिलेली गोळीही पूर्ण निर्धोक समजू नये. उपाशीपोटी घेतली नाही म्हणजे व्रण होत नाही, हीही समजूत चुकीची. औषध रक्तातून पोहोचते. साठीपुढे धोका वाढतोच. शिवाय उन्हात घाम गाळून धावणाऱ्याच्या मूत्रपिंडांवरही या गोळ्यांचा ताण येतो.

आता त्या दुसऱ्या फेऱ्याचा हिशेब पाहा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम असेल तर जवळपास १९ मिलिलिटर, आणि ८.८ असेल तर १२ पेक्षाही कमी. पहिला फेरा माणूस शरीरातल्या शिलकीवर आणि जिद्दीवर काढतो. दुसऱ्या फेऱ्यात मात्र रोखीचा प्राणवायू लागतो.

गोळी बंद केली. आम्ल कमी करणारे औषध सुरू झाले. जठरात हेलिकोबॅक्टर जंतूही सापडला, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स दिला. रक्त चढवण्याची वेळ आली नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही, हे मी दोनदा सांगितले. (लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळा होतो, तो रंग वेगळा, चिकटपणा आणि उग्र वास नसतो. तरी शंका असेल तर विचारावे, लाजू नये.) राज्य स्पर्धा अर्थातच हुकली. त्या रविवारी गुरुजी दिवसभर कोणाशी बोलले नाहीत, असे वहिनींनी सांगितले. मला ते लागले, कारण डिसेंबरात मी वयाकडे बोट दाखवले नसते तर निदान दोन आठवडे आधी रक्त तपासले गेले असते.

फेब्रुवारीत नुसते चालणे. मार्चच्या मध्यावर हिमोग्लोबिन १२.१, तेव्हा हळू धावण्याची परवानगी दिली. पोटरीसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम पुन्हा पहिल्यापासून, कारण गोळीने दुखणे झाकले होते, स्नायू भरून आलाच नव्हता. कठीण सरावाच्या दिवसानंतर दोन दिवस सोपे ठेवायचे ठरले. तरुणपणी एक पुरत असे. गुरुजींना हे पटायला वेळ लागला. आरामाच्या दिवसाला ते वहीत 'गैरहजर' असे लिहीत, आता 'सुट्टी' लिहितात.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस, सकाळी सातला, हंगामातली शेवटची स्पर्धा झाली. हिमोग्लोबिन १३.२ होते. तिघे धावले, गुरुजी तिसरे आले. २ मिनिटे ५४ सेकंद. पहिला फेरा ८६, दुसरा ८८. वेळ ऐकून त्यांनी आधी दोन्ही फेऱ्यांतला फरक विचारला.

जुलैत ते पुन्हा तपासणीला आले. पोटरी सकाळी जरा धरल्यासारखी वाटते, म्हणाले. मी आधी वही मागितली.