उतरलेले वजन पुन्हा वाढले, तरी उपचार सोडू नका

अनेक घरांत असे घडते. डॉक्टरांनी बजावल्यावर किंवा घरातील एखाद्या कार्याच्या निमित्ताने माणूस निग्रहाने आहार आवरतो. चार-पाच महिन्यांत सहा-सात किलो वजन उतरते, सर्वजण कौतुक करतात. वर्ष सरता सरता तेच वजन परत येते. मग दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटू लागतो, तपासणीची तारीख टळते आणि रक्तदाब अथवा मधुमेहाची औषधेही अनियमित होतात. वजन परत येण्यापेक्षा उपचारात पडलेला हा खंड अधिक घातक असतो.

वजन परत का येते?

वजन घटले की शरीर त्यास उपासमार समजून स्वतःचा बचाव करू लागते. मेदपेशींतून स्रवणारे व मेंदूला तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते. जठरातून स्रवणारे व भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते. शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करू लागते. हे बदल वर्षभरानंतरही टिकून राहू शकतात. म्हणून वजन परत येणे हा मनोबलाचा दोष नव्हे. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे आणि रक्तदाबाप्रमाणेच त्याचाही उपचार दीर्घकाळ चालवावा लागतो.

मदत केव्हा घ्यावी?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक मिळतो. उंची १.६० मीटर व वजन ६४ किलो असल्यास तो २५ येतो. भारतीयांमध्ये पोटाभोवती मेद लवकर साठतो व मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो. त्यामुळे आपल्याकडे २३ पासून अधिक वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष यांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आहे.

कंबरही मोजावी. श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर फीत धरावी. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक माप आल्यास तपासणी करून घ्यावी.

कोठे जावे, काय सांगावे?

नजीकच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी केली जाते. वजनाविषयीची पहिली विचारणा तेथेच करता येते. दवाखाना दूर असल्यास ई-संजीवनी सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. जाताना आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी. पूर्वी कोणते उपाय केले, किती वजन उतरले व केव्हा वाढले, हे संकोच न बाळगता सांगावे. ही माहिती उपचाराची दिशा ठरविण्यास उपयोगी पडते.

थायरॉइडची कमतरता, स्त्रियांमधील पीसीओएस, स्टेरॉइड तसेच मानसिक आजारांवरील व अपस्मारावरील काही औषधे यांमुळेही वजन वाढते. मोठ्याने घोरणे व दिवसा झोप अनावर होणे ही झोपेत श्वास अडखळण्याची लक्षणे असू शकतात. तीही सांगावीत. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेत असताना एकाएकी आहार घटविल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. गर्भवती व स्तनदा मातांनी स्वतःच्या मनाने वजन घटवू नये. प्रयत्न न करता वजन उतरत असल्यास तातडीने तपासणी करावी.

लक्ष्य किती असावे?

सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब, साखर व यकृतातील मेद यांत सुधारणा दिसते. ८० किलोच्या व्यक्तीसाठी पहिले लक्ष्य ४ किलोचेही पुरेसे आहे. अतिशय वेगाने वजन उतरविल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो व स्नायूही झिजतात. घटक न छापलेली चूर्णे व ‘हमखास’ उपाय टाळावेत.

औषधे व शस्त्रक्रिया

आहार व व्यायामाने पुरेसा लाभ न झाल्यास डॉक्टर औषध सुचवू शकतात. आठवड्यातून एकदा टोचावयाची सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही औषधे भूक कमी करतात. ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होऊ शकतो. पोटात तीव्र व सतत वेदना झाल्यास त्वरित रुग्णालयात जावे. गरोदरपणात ही औषधे घेऊ नयेत. औषध थांबविल्यावर उतरलेल्या वजनाचा बराच भाग बहुधा परत येतो. म्हणून सुरू करण्यापूर्वीच खर्च, कालावधी व पुढील योजना विचारून घ्यावी. तीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्यानंतरही आयुष्यभर जीवनसत्त्वे व नियमित तपासणी आवश्यक असते.

उतरलेले वजन कसे राखावे?

• आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी व वेळी वजन करून नोंद ठेवावी.
• दोन किलो वाढ दिसताच दवाखान्यात जावे. दहा किलो वाढेपर्यंत थांबू नये.
• आठवड्यात किमान १५० मिनिटे जलद चालावे किंवा तत्सम व्यायाम करावा. दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा.
• प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काही असावे. अर्धे ताट भाज्या व फळांनी भरावे.
• घरातील तेल व साखर मोजून वापरावी. हा बदल संपूर्ण कुटुंबाने करावा. एकाच व्यक्तीसाठी वेगळे ताट वाढल्यास तो फार काळ टिकत नाही.
• मन खिन्न असताना खाणे आवरत नसल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

कुटुंबीयांस विनंती

वजनावरून केलेली थट्टा माणसाला दवाखान्यापासून दूर नेते. टोमणे मारण्याऐवजी त्यांच्यासोबत चालावयास जा, तपासणीला सोबत करा.

आपली मागील तपासणी राहून गेली असेल, तर याच आठवड्यात जा. वजन वाढलेले असले तरी जा. उपचार जेथे थांबला होता, तेथूनच तो पुन्हा सुरू करता येतो.