‘नगरला सापडलेलं डायनासोरचं हाड’ विकत घेताय? आधी हे वाचा

समजा, तुमच्या फीडवर पोस्ट आली: ‘प्रवरेच्या पात्रात सापडलेलं डायनासोरचं हाड. लढाईतली जखमही दिसतेय. विकायचं आहे.’ काय कराल?

नगरमध्ये डायनासोरचं हाड का मिळत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्याचा खडक म्हणजे मुख्यतः काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. हाडाचा जीवाश्म व्हायला ते गाळात पुरलं जावं लागतं, तापलेल्या लाव्हात ते टिकत नाही. महाराष्ट्रात डायनासोरची हाडं मिळाली ती वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला, लाव्हाच्या खालच्या गाळात.

प्रवरेकाठी जीवाश्म मिळतात, पण वेगळे. नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलियांना १९५० च्या दशकात दगडी हत्यारं आणि प्राण्यांची जीवाश्म हाडं सापडली. त्यातला एक प्राणी म्हणजे बॉस नमाडिकस, जुन्या काळचा रानबैल. डायनासोर त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीच संपले होते.

मग ती जखम?

हाड मोडलं की शरीर तिथे आधी मऊ जोड तयार करतं आणि मग तो टणक होतो. प्लास्टरमधल्या आपल्या हातातही हेच घडतं. जुळलेली जागा फुगीर दिसते, कडा गोलसर होतात. म्हणजे मोडल्यानंतर तो प्राणी निदान काही आठवडे जगला. कडा धारदार असतील तर हाड मरतेवेळी किंवा नंतर मोडलं. खणताना कुदळ लागली तरी अशी ‘जखम’ होते.

आणि जुळल्याची गाठ बैलाच्या हाडालाही येते. हाड कुणाचं, हे ती सांगत नाही.

संग्रह करायचाच असेल तर?

प्रतिकृती घ्या. अमेरिकेत सापडलेल्या ‘स्टॅन’ या टी-रेक्सच्या मोडून जुळलेल्या बरगड्या आणि मानेचे एकमेकांना चिकटलेले मणके प्रसिद्ध आहेत. २०२० मध्ये त्याचा सांगाडा लिलावात ३.१८ कोटी डॉलरला गेला. अस्सल हाड खासगी घरात गेलं तर अभ्यासाचं दार बंद होतं, ही तेव्हा शास्त्रज्ञांची काळजी होती. पण स्टॅनच्या प्रतिकृती अनेक संग्रहालयांत आहेत.

मूळ हाडावरून रबरी साचा काढून त्यात रेझिन ओतलं, की जुळल्याची गाठही जशीच्या तशी उतरते. नुसत्या अंदाजाने घडवलेल्या मॉडेलमध्ये ती खात्री नसते. म्हणून विचारा: साचा कोणत्या हाडावरून घेतलाय? साच्याची शिवण, हवेचे बुडबुडे किंवा फारच कमी वजन दिसलं, तर ती प्रतिकृती आहे. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. अस्सल म्हणून विकली तर फसवणूक.

आणि नदीपात्रात खरंच जुनं हाड दिसलं तर उपटू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. कोणत्या थरात मिळालं, हे कळलं नाही तर त्या हाडाची निम्मी गोष्ट हरवते.