घर हाच कारखाना : झुरळांसाठी जेल कसे वापरावे?

आपल्या पुष्कळ कारागीर बांधवांचे घर आणि कारखाना एकाच खोलीत असतो. दिवसा जिथे बॅगा शिवायच्या किंवा वह्या बांधायच्या, तिथेच रात्री दस्तरखान अंथरायचा. अशा ठिकाणी झुरळे झाली की नुकसान दुहेरी होते. झुरळाला अन्नच लागते असे नाही. मैद्याची खळ, बाइंडिंगचा डिंक, स्टार्चचे कापडही ते कुरतडते. मालाच्या गठ्ठ्यातून एक झुरळ निघाले की गिऱ्हाईक पुन्हा येईलच याचा भरवसा नाही. शिवाय झुरळांच्या विष्ठेमुळे आणि गळलेल्या कातीमुळे मुलांचा दमा बळावतो.

आपण काय करतो? फवारा मारतो. समोरची चार मरतात, बाकीची फटीत पळतात आणि वास मात्र भाकरीला लागतो. जेलची रीत उलटी आहे. जेल म्हणजे विष कालवलेले खाणे. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत जाते आणि तिथे मरते. त्याची विष्ठा आणि मेलेले शरीर पिल्ले खातात, मग तीही मरतात.

पण जेल हे खाणे आहे, हेच आपण विसरतो. रात्री खरकटी भांडी, उघडा पिठाचा डबा आणि खळीची वाटी तशीच राहिली, तर झुरळाने जेलकडे का वळावे? दुसरी चूक आम्ही स्वतः केली. जेल लावले, दोन दिवसांनी झुरळे दिसली म्हणून घाईने त्यावरच फवारा मारला. फवाऱ्याच्या वासाने झुरळे त्या जागेकडे फिरकेनात, जेल वाया गेले. जेल लावायचे असेल तर फवारा आणि झुरळांचा खडू दोन्ही बंद ठेवावेत.

एकाच जागी मोठा गोळा लावू नये. मुगाच्या दाण्याएवढे थेंब, पण पुष्कळ ठिकाणी लावावेत : कपाटाच्या बिजागरीत, मोरीच्या नळामागे, फ्रिजच्या मागे, शिलाई मशिनच्या टेबलाखालच्या सांध्यात. जिथे काळे बारीक ठिपके दिसतात तिथे झुरळांचा मुक्काम असतो; थेंब तिथेच हवा. पाणी लागेल, चुलीची धग लागेल किंवा अन्न ठेवले जाईल अशा जागी लावू नये. मुलांचा हात पोहोचणार नाही हेही पाहावे.

स्वयंपाकघरातले लहान तपकिरी झुरळ, ज्याला जर्मन झुरळ म्हणतात, त्याची मादी एका कोषात ३० ते ४० अंडी बाळगते. कोषातल्या अंड्यांपर्यंत जेल पोहोचत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे आणि खाल्लेले किंवा सुकलेले थेंब बदलावेत.

जेल पूर्वीसारखे चालेनासे झाले, तर दरवेळी दुकानदाराला दोष देऊ नये. अमेरिकेत काही झुरळे ग्लुकोज असलेले आमिष तोंडातच घेत नाहीत, असे १९९३ साली संशोधकांनी नोंदवले. ही सवय पिल्लांतही उतरते. २०१३ साली कारण कळले : या झुरळांना ग्लुकोज कडू लागतो! अशा वेळी जेल बदलावे. फिप्रोनिलचे वापरत असाल तर इमिडाक्लोप्रिडचे घ्यावे. वेष्टनावर औषधाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मुदत छापलेली असते. यांतले काहीच नसलेली स्वस्त ट्यूब घेऊ नये.

पाकी-सफाईचे महत्त्व वाचकांना आम्ही काय सांगावे! वेळेचे मात्र सांगतो. झुरळे अंधारात बाहेर पडतात आणि रमजानमध्ये सेहरीपर्यंत स्वयंपाकघरातला दिवा विझत नाही. ज्या घरांत ईदसाठी विक्रीच्या शेवया होतात, त्यांनी शाबानचा चांद दिसताच पहिला हात फिरवावा, म्हणजे रमजानपूर्वी दुसराही फिरवून होतो.