टेकता टेकता

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईला प्रवासी विमान सुरू झाले आणि आपल्या वरूडकडेही विमानाच्या गप्पा निघू लागल्या. तेथे मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्येच जाहीर केले होते. उद्या आपल्यातलाच कोणी तेथे शिकायला गेला, तर त्याची खरी कसोटी उंच आकाशात लागणार नाही. ती जमिनीपासून दोन-चार हातांवर लागेल.

९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीच्या विमानतळावर एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक उतरताना निखळले. वैमानिक सुखरूप राहिला. त्या घटनेचे कारण ठरविणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम. परंतु पुढचेच चाक इतके नाजूक का, हे पाहण्यासारखे आहे.

सेस्ना १५२ हे शिकवणीचे दोन आसनी विमान घ्या. माणसे व इंधन धरून त्याचे वजन फार तर साडेसातशे किलो, आणि धावपट्टीकडे येतानाचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर. उतरतानाचा दणका झेलायचा तो मागच्या दोन चाकांनी. त्यांचे पाय पोलादी असून ते थोडे लवतात. पुढचे चाक मुख्यतः जमिनीवर वळण्यासाठी. म्हणून जमीन जवळ येताच सुकाणू हळूहळू मागे ओढून नाक वर धरायचे, वेग मरू द्यायचा आणि मागची चाके आधी टेकवायची.

नवशिक्याचा वेग जास्त राहतो. विमान टेकत नाही म्हणून तो ते दाबून टेकवतो. पुढचे चाक आधी आपटते, नाक वर फेकले जाते, पंखांचा हवेशी असलेला कोन वाढतो आणि विमान पुन्हा उचलले जाते. घाबरून तो नाक खाली ढकलतो. पण हात हलेपर्यंत विमान स्वतःच खाली येऊ लागलेले असते. चुकीच्या वेळी धक्का दिला की झोका वेडावाकडा होतो, तसेच हे. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी असते. दोन-तीन उसळ्यांत पुढचा पाय मोडतो व फिरता पंखा जमिनीला लागतो. तोंडी परीक्षेत एक चूक सावरताना आणखी तीन चुका करणाऱ्या आम्हांला हे नवे नाही!

उसळी लहान असेल तर नाक आहे तसे धरून इंजिनाचा थोडा जोर द्यावा. मोठी असेल तर पूर्ण जोर देऊन वर जावे व फेरी मारून पुन्हा यावे. सांगायला सोपे, पण एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला खाली उभे असलेले गुरुजी दिसत असतात, आणि परत वर जाणे म्हणजे नापास होणे असे त्याला वाटते.

इंजिनाने साथ सोडली तर मात्र फेरी मारण्याची सोयच नसते. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षण विमान कोसळले. त्यातील शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. शेतात उतरण्याची पाळी आलीच, तर नियम तोच, नाक वर. पावसाळ्यातल्या आपल्या काळ्या रानात पुढचे चाक रुतले, तर विमान उलथायला वेळ लागत नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तास उड्डाण लागते. त्यातले कितीतरी तास उडणे, वळसा घेणे, टेकणे आणि लगेच पुन्हा उडणे, यातच जातात.