बर्फावरच्या गाडीचा जीर्णोद्धार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना ‘बंबार्डियर’ हे नाव अनोळखी नाही. २०१५ साली पश्चिम रेल्वेवर नव्या गाड्या आल्या. त्यांची विजेची यंत्रणा या कॅनडातल्या कंपनीची होती, म्हणून लोक त्यांना ‘बंबार्डियर लोकल’ म्हणू लागले. पुढे २०२१ मध्ये या कंपनीचा रेल्वेचा व्यवसाय अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने घेतला. पण या नावाची सुरुवात रेल्वेपासून झालेली नाही. ती झाली बर्फावर चालणाऱ्या एका लाकडी गाडीपासून. त्या गाडीविषयी, आणि तशी एक जुनी गाडी पुन्हा चालती कशी करतात याविषयी आज बोलायचं आहे.

मी एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅनडात, विनिपेगला दोन हिवाळे राहिलो. तिच्या शेजारचे गृहस्थ शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी विनिपेग सरोवरावरच्या एका कोळ्याकडून १९५१ सालची बंबार्डियर ‘बी १२’ विकत घेतली होती. बी १२ म्हणजे बारा माणसांची गाडी. ती गावाबाहेरच्या शेडमध्ये पडून होती. त्यांना लाकूड कळत होतं, मला इंजिन. त्यामुळे भाषेची अडचण फारशी आली नाही.

आधी या गाडीचा जन्म सांगतो. जोसेफ-आर्मां बंबार्डियर हा क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचा, १९०७ साली जन्मलेला. पंधरा वर्षांचा असताना त्याने फोर्ड गाडीचं इंजिन आणि मागे विमानासारखा पंखा लावून बर्फावर पळणारी घसरगाडी बनवली. पुढे गावात गॅरेज टाकलं. त्या काळी तिथले रस्ते हिवाळ्यात बंद होत. मोटारी चारपाच महिने शेडमध्ये, आणि माणसं घोड्याच्या घसरगाडीवर. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्होंला, अपेंडिक्सचा आजार झाला. रस्ते बर्फाने बंद, गावात हॉस्पिटल नाही. मूल दगावलं. बर्फावरच्या गाडीचे प्रयोग तो त्याआधीपासूनच करत होता. पण आपल्याजवळ विद्या आहे, हत्यारं आहेत आणि तरी मुलाला नेता आलं नाही, हे शल्य किती खोल असेल याची कल्पना कोणत्याही बापाला करता येईल.

१९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं, ते एका चाकाचं आणि पट्ट्याचं. ते समजून घेऊ, कारण सगळी दुरुस्ती शेवटी तिथेच येऊन थांबते.

मऊ बर्फात गाडी का रुतते? वजनामुळे रुतते हे उत्तर अर्धंच आहे. वजन किती जागेवर पसरलं आहे हे महत्त्वाचं. सत्तर किलोचा माणूस उभा असतो तेव्हा त्याचा भार दोन तळव्यांच्या साधारण साडेचारशे चौरस सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम दीडशे ग्रॅम. मोटारीच्या टायरखाली हाच भार दोन किलोच्या आसपास असतो, म्हणून टायर रुततो. चाकांऐवजी लांब-रुंद पट्टा लावला की तीच गाडी माणसाच्या पावलापेक्षाही हलकी पडते. रणगाड्याचं आणि शेतातल्या डोझरचं तत्त्व हेच.

मग अडचण कुठे होती? पट्टा फिरवायला दात्यांचं चाक लागतं. ते लोखंडी असलं की दात्यांच्या खोबणीत बर्फ भरतो, दाबला जातो आणि दगडासारखा गोठतो. मग पट्टा ताणला जातो, दाते सोडून उडतो किंवा तुटतो. बंबार्डियरने दात्यांचं चाक रबराने मढवलं आणि पट्टाही रबर आणि कापडाचा केला. रबर प्रत्येक फेऱ्याला थोडं दबतं, थोडं फुगतं. त्यावर बर्फ धरत नाही, सुटून पडतो. आधी सात माणसांची बी ७ निघाली आणि १९४० नंतरच्या वर्षांत बारा माणसांची बी १२. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, लाकूडतोड्ये, कोळी सगळे या गाड्यांतून जाऊ लागले. पुढे १९४८ च्या सुमाराला क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फही हटवायचं ठरवलं आणि या गाड्यांचा खप एकदम घसरला. रस्ता मोकळा असेल तर बर्फावरची गाडी कोण घेणार? कंपनी दुसऱ्या यंत्रांकडे वळली आणि १९५९ साली तिने स्की-डू ही एकदोघांची छोटी गाडी काढली. सरोवरांवर मात्र रस्ता नव्हताच. तिथे बी १२ टिकली.

आता आमच्या गाडीकडे येऊ. बाहेरून ती उलट्या होडीसारखी दिसते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे दोन पट्टे, बाजूला जहाजासारख्या गोल खिडक्या. अंग लाकडी सांगाड्यावर वाकवलेल्या प्लायवूडचं. जुन्या एस. टी.लाही लाकडी बॉडी असे, त्यामुळे मला ते घरचंच वाटलं.

अशी गाडी हाती आली की पहिला मोह रंग खरवडण्याचा होतो. शेजाऱ्यांनी तसं केलं नाही. पहिले आठ दिवस आम्ही एकही नट उघडला नाही. फोटो काढले, मापं घेतली, प्रत्येक भोकाची नोंद वहीत केली. जुन्या यंत्राची पुस्तकं मिळत नाहीत तेव्हा यंत्र हेच पुस्तक, आणि उघडताना आपण त्याची पानं फाडत असतो. म्हणून आधी वाचून घ्यायचं.

लाकडाची परीक्षा पेचकसाच्या टोकाने होते. टोक टेकवून हलकं दाबायचं. निरोगी लाकूड दाद देत नाही, कुजलेलं आत जातं. कूज खालच्या कडेला आणि चाकावरच्या कमानीत होती, जिथे वितळलेलं पाणी साचून राहतं. तेवढाच भाग कापून तिथे नवं लाकूड बसवलं. जोड सरळ घातला तर वाकताना तिथेच मोडतो. म्हणून दोन्ही टोकांना लांब तिरका छेद देतात, जाडीच्या आठपट लांब. मग सरस लावून दाबून ठेवतात. जोड जितका लांब, तितका ताण पसरतो.

इंजिन मागच्या बाजूला, क्रायसलरचं सहा सिलिंडरचं. याला ‘फ्लॅटहेड’ म्हणतात, कारण व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असतात आणि वरचं हेड साध्या झाकणासारखं सपाट. ते जाम झालेलं होतं. अशा वेळी जोर लावू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं, चारदोन दिवस थांबायचं, हाताने किंचित हलवून पाहायचं, पुन्हा तेल सोडायचं. अकराव्या दिवशी ते बोटभर फिरलं. शक्ती लावून पहिल्याच दिवशी फिरवलं असतं तर रिंगा तुटल्या असत्या.

या इंजिनात एक छुपी जागा आहे. पाण्याच्या पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत पातळ पत्र्याची एक लांब नळी असते. तिला ठिकठिकाणी खाचा असतात आणि त्यांतून थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी पोचतं. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती नळी सडते. मग पुढचे सिलिंडर थंड राहतात, मागचे तापतात, आणि काट्यावर काही दिसत नाही. बरेच जण रेडिएटर बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात आणि तरी इंजिन का बिघडतं म्हणून डोकं धरून बसतात. आमची नळी आकड्याने ओढताना तीन तुकड्यांत बाहेर आली. नवी बसवली आणि ब्लॉकमधला गाळ धुऊन काढला.

वायरिंग सहा व्होल्टचं. तेवढीच शक्ती हवी तर बारा व्होल्टच्या दुप्पट करंट वाहतो, म्हणून वायरी जाड लागतात. मधल्या काळात कोणीतरी पातळ वायरी ओढल्या होत्या. उन्हाळ्यात एक वेळ भागलं असतं. उणे तीस अंशांत बॅटरी अर्धमेली असताना त्या वायरींवर स्टार्टर फिरणं कठीण.

सर्वात वेळखाऊ काम पट्ट्यांचं. मूळ पट्टे चिरले होते. आजकाल बरेच जण कारखान्यातल्या कन्व्हेयर बेल्टचं रबर कापून पट्टे बनवतात. आम्हीही तेच केलं. त्यावर आडव्या पोलादी पट्ट्या बोल्टने बसवायच्या. गोम अंतरात आहे. समजा एका पट्ट्यावर साठ आडव्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक भोकात एकाच दिशेने एक मिलिमीटर चूक झाली, तर पूर्ण फेऱ्यात सहा सेंटिमीटरचा फरक पडेल. दाते खोबणीत बसणारच नाहीत. म्हणून शेजाऱ्यांनी लोखंडी फर्मा केला आणि सगळी भोकं त्यातूनच पाडली. दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच गुंडाळीतून कापले, म्हणजे ताणले तरी सारखेच ताणतील. डावा-उजवा पट्टा लांबीला वेगळा झाला तर गाडी एका बाजूला ओढत राहते.

आता दोन गोष्टी सांगतो, ज्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

पहिली धुराची. या गाडीत इंजिन आणि माणसं एकाच खोलीत, मध्ये फक्त एक आवरण. बाहेर थंडी, म्हणून खिडक्या गच्च बंद. सायलेन्सरच्या नळीला केसाएवढी चीर असली तरी कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस पेंगतो आणि पुन्हा उठत नाही. म्हणून जुनी नळी कितीही बरी दिसली तरी ती आम्ही ठेवली नाही. सगळी नवी केली, इंजिनाच्या आवरणाच्या फटी बुजवल्या आणि ड्रायव्हरजवळ त्या वायूची सूचना देणारा बॅटरीवरचा छोटा गजर लावला. १९५१ साली तो नव्हता, हे खरं. पण जुनेपणाचा मान राखायचा म्हणून कोणी विषारी हवेत बसू नये.

दुसरी गोष्ट छताची. रंग काढताना छतावर पत्र्याचा एक चौकोन दिसला, स्क्रूने पक्का केलेला. पत्रा काढला तर खाली झडप निघाली. ती गळत असावी म्हणून कुठल्या तरी मालकाने बंद करून टाकली होती. बघायला आलेल्या एकाने सुचवलं, “कायमची बुजवून टाका, छत साफ दिसेल.” शेजाऱ्यांनी त्या माणसाला विचारलं, “गाडी बर्फ फोडून पाण्यात गेली तर दार उघडेल का?” दारावर पाण्याचा दाब आला की ते उघडत नाही. वर निघायची वाट तेवढीच. म्हणून सरोवरावरच्या गाडीला छतात झडप हवी. ती आम्ही उघडली, नवं रबर लावलं आणि कडी आतून मोज्यातल्या हाताने उघडते ना, हे पाहिलं.

त्या दिवशी मला या कामाचं मर्म कळलं. जुन्या यंत्रात निरुपयोगी वाटणारा भाग दिसला की आधी विचारावं, हा इथे का आहे? उत्तर मिळेपर्यंत त्याला हात लावू नये. धुराची नळी बदलली, कारण तिचं काम आम्हाला पुरतं कळलं होतं. झडप ठेवली, तीही त्याच कारणाने.

मूळ इंजिन ठेवावं की नवं ताकदवान घालावं, यावर तिकडे पुष्कळ वाद होतो. सरोवरावर रोज मासे आणणाऱ्या कोळ्यांनी फार पूर्वीच इंजिनं बदलली आहेत. त्यांना दोष देता येणार नाही. गाडी बंद पडली तर वाऱ्यात मैलोन्‌मैल चालावं लागतं. आमच्या गाडीला रोजचं काम नव्हतं, म्हणून जुनं इंजिन ठेवणं परवडलं. व्हालकूरच्या संग्रहालयात बंबार्डियरचं मूळ गॅरेज जपून ठेवलं आहे. पण काचेमागची गाडी पाहून पट्ट्याचा ताण किती ठेवायचा ते कळत नाही. फार आवळला तर बेअरिंग खातो, फार सैल ठेवला तर दाते सोडतो. हे ज्याने केलं त्याच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं, आणि असे लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून आमच्या शेडमध्ये दर शनिवारी शाळेतली चारपाच मुलं येत. शेजारी त्यांच्या हातात पाना देत आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहत.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, गाडी सरोवरावर नेली. आधी ठिकठिकाणी भोक पाडून बर्फाची जाडी मोजली. फूटभर घट्ट, निळसर बर्फ मोटारीला पुरतो. पांढरा, भुसभुशीत असेल तर तेवढाच जाड असूनही भरवसा नसतो. गाडी सावकाश न्यायची, कारण वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि वेग जास्त झाला तर तीच लाट किनाऱ्याजवळचा बर्फ फोडते. अर्ध्या तासाने थांबून पट्टे पाहिले. नवं रबर ताणलं होतं, ते पुन्हा आवळलं. आत पाच मुलं बसली होती. निघण्यापूर्वी प्रत्येकाला छताची झडप एकदा उघडायला लावली होती.

ती गाडी आजही शेजाऱ्यांकडे आहे. आमची वही तिच्यातच ठेवली आहे, ड्रायव्हरच्या सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. पुढे जो कोणी ती उघडेल, त्याला कुठला भाग जुना, कुठला नवा आणि तो का बदलला, हे तिथे वाचायला मिळेल.